दोरीचं खालचं टोक

जिझानच्या मासळीबाजाराला लागून जी अरुंद गल्ली बंदराकडे उतरते, तिच्या टोकाला जलालशेठ परकारांचं दोरांचं दुकान आहे. नांगराचे मनगटाएवढे जाड दोर, जाळ्यांचे सुतळीसारखे बारीक, नायलॉनचे, पॉलिस्टरचे, सगळे. शेठ शाळेत गेले चौथीपर्यंत. बाकीचं त्यांना गिऱ्हाइकांनी शिकवलं. एक येमेनी नाखवा यायचा, तो दोर दाताखाली धरून चावून बघायचा. शेठ त्याला म्हणायचे, "बाबा, खायचाच असेल तर मीठ देऊ का?" पण त्याच माणसाकडून ते एक गोष्ट शिकले. दोर डोळ्यांनी बघायचा नसतो. डोळे फसतात, दोर फसवत नाही.

ईदची सुट्टी लागली त्या सकाळी शेठ दुकानात शिरले ते स्वतःचंच गिऱ्हाईक म्हणून. करंगळीएवढा जाड पांढरा दोर त्यांनी चाळीस मीटर कापून घेतला. पुन्हा पुन्हा मुठीतून सरकवून पाहिला. टोकाला शिसं बांधलं, वेटोळं केलं, पिशवीत टाकलं. घरी बायको, साबिरा, दारात उभी होती.

"आठवण आहे ना, काय कबूल केलंयत?"

"आहे गं."

"पोरीला खोल समुद्रात सोडायला मी दोन वर्षं नाही म्हणत होते. तुम्ही वर बसणार म्हणून हो म्हटलं. तिच्यावरून नजर हलवायची नाही."

"नजर नाही," शेठ पिशवीवर थाप मारून म्हणाले, "हात."

दुआ ही त्यांची एकुलती एक. बावीस वर्षांची, पाण्याखाली पोहण्याचं प्रमाणपत्र मिळवलेली, बापाच्या काळजीला इंग्रजीत उत्तरं देणारी. "अब्बा, रिलॅक्स," हे तिचं पालुपद.

दुपारच्या फेरीबोटीने सगळे फरसान बेटांकडे निघाले. सोबत पेट्रोकेमिकलमधला इंद्रनील होता, मूळचा पुण्याचा. सुट्टीच्या दिवसांत तो डायव्हिंग शिकवायचा, दुआचा गुरू तोच. रिफायनरीतले नाशिकचे सुरेशभाऊ होते आणि त्यांची बायको मंजिरी. मंजिरीला समुद्राचं वेड आणि सुरेशभाऊंना बादलीभर पाण्याचीही मळमळ, असा तो संसार. दोराची पिशवी बघून सुरेशभाऊंना बोट लागायच्या आतच सुचलं.

"शेठ, मुलगी डायव्हिंगला चाललीय की बकरी चरायला?"

"बकरी असती सुरेशभाऊ, तर एवढा चांगला दोर नसता आणला. तुमच्यासाठी मात्र सुतळी आणलीय, कठड्याला बांधून ठेवायला."

मंजिरी इतकी हसली, की सुरेशभाऊ पुढचा अर्धा तास समुद्राकडे तोंड करून बसले. नंतर कळलं, राग नव्हता, पोट ढवळत होतं.

रिसॉर्ट म्हणजे एका लहानशा बेटावरच्या आठ लाकडी खोल्या आणि एक धक्का. होडीवरचा नाखवा निघाला आपलाच, बाणकोटचा रहमतुल्ला. सत्तरीचा, डोळ्यांना मोतीबिंदू, पण वाऱ्याचा वास घेणारं नाक अजून शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत सामान चढवताना त्याने शेठच्या हातातला दोर पाहिला आणि विचारलं, "खुंटीला बांधू?"

"नाही. हातात धरणार."

 म्हातारा हळूच म्हणाला, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

शेठ तसे गप्पिष्ट. शेठना एक प्रश्न विचारला की तीन गोष्टी मिळतात. पण ही गोष्ट त्यांनी कधी गिऱ्हाइकाला सांगितली नव्हती. त्या सकाळी, बुडी मारायच्या खडकाकडे जाताना, होडीच्या इंजिनाच्या आवाजात त्यांनी ती सांगितली.

त्यांचा आजा आणि आज्याचा धाकटा भाऊ मैनुद्दीन, दोघे ऐन तारुण्यात गलबतावरून इकडे आले होते आणि एका हंगामात मोत्यांच्या होडीवर लागले. मैनुद्दीन सतरा वर्षांचा. तो बुडी मारायचा, आजा वर काथ्याची दोरी धरून बसायचा. खालून एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे वर ओढ. आणि एक कायदा होता, कुठे लिहिलेला नाही, पण कुराणाच्या शपथेइतका पक्का. खालचा माणूस वर येऊन दोरीवाल्याच्या हातावर हात ठेवून 'आलो' म्हणेपर्यंत आणि दोरीवाला 'आलास' म्हणेपर्यंत दोरी खाली ठेवायची नाही. बांधायची तर नाहीच नाही.

"एक दिवस वारा उठला," शेठ म्हणाले. "शीड फाटायला लागलं. नाखवा ओरडला, हात लाव! आज्याने दोरी खुंटीला गुंडाळली आणि धावला. तेवढाच वेळ, जेवढ्यात माणूस पाणी पिऊन येतो. परत आला तर दोरी हलकी लागली."

 इंजिन तेवढं धडधडत होतं.

"आमच्या घरी बाहेरून आलेल्या प्रत्येकाने उंबऱ्यावर 'आलो' म्हणायचं. आजा ओटीवरून 'आलास' म्हणायचा, मगच आत. आणि भर दुपारी, दारात कोणी नसताना, आजा समुद्राकडे बघून विचारायचा, 'आलास?' मरेपर्यंत विचारत होता."

दुआने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. तरी तिने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रहमतुल्लाने इंजिन बंद केलं. पुढे पाणी हिरवं होतं आणि जिथे खडक संपतो तिथे एकदम काळंनिळं. "हाच तो खडक," तो म्हणाला. "माझा बाप दाखवायचा. मोतीवाले इथेच यायचे. इथे एकटा मैनुद्दीन नाही, शेठ. बरेच आहेत."

"नाखवा, उतरायच्या आधी हे सांगायचं असतं होय?" सुरेशभाऊ पिवळे पडत म्हणाले.

इंद्रनील मात्र कामाचं बोलला. "काका, दोर तुम्ही धरा, माझी हरकत नाही. आम्ही त्याच्या बाजूने उतरू, त्याच्या बाजूने चढू. पण कुणाला बांधायचा नाही. आणि तीन झटके आले तरी ओढायचं नाही. सिलिंडरची हवा छातीत असताना माणूस झपकन वर आला तर फुप्फुसं फाटतात. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावंच लागतं."

"मग मी करायचं काय?"

"धरून ठेवायचं. बस."

शेठना हे पटलं. धरून ठेवणं हेच तर ते जन्मभर करत आले होते.

तिघं पाण्यात उतरले. इंद्रनील, मंजिरी, शेवटी दुआ. जाताना तिने पाण्यातून दोर एकदा ओढला. शेठनी उत्तर दिलं, एक. मग बुडबुडे उरले. पाणी इतकं स्वच्छ, की अठरा मीटरवरचं शिसं पांढऱ्या वाळूवर तांदळाच्या दाण्याएवढं दिसत होतं आणि त्याभोवती तीन माणसं पाखरांसारखी तरंगत होती. माशांचा एक थवा वळला तेव्हा सगळा समुद्र आतून चमकला. शेठनी आयुष्यभर समुद्राच्या काठावर धंदा केला, पण समुद्राच्या आत असं वाकून कधी बघितलं नव्हतं. 'या अल्लाह,' ते पुटपुटले, 'हे सगळं तू कोणासाठी मांडून ठेवलंयस?'

दर थोड्या वेळाने दोर एकदा हलायचा. ते उत्तर द्यायचे.

वीस-बावीस मिनिटं झाली असतील. पाणी अचानक थांबलं. समुद्र थांबत नाही, पण थांबला. होडीच्या कडेला होणारं चुबुक-चुबुक बंद पडलं. ऊन इतकं पांढरं झालं, की सावल्या दिसेनात. रहमतुल्लाने मान वर केली, नाक फुलवलं. आणि मग वारा आला, आधी आवाज न करता.

पाण्याचा रंग बघता बघता दुधासारखा झाला. खालून वाळू उसळली होती. शिसं दिसेनासं झालं, माणसं दिसेनाशी झाली. होडीला हिसका बसला, ती फिरली.

"नांगर सुटला!" रहमतुल्ला ओरडला.

तेवढ्यात शंभर हातांवर, भलत्याच बाजूला, दोन डोकी वर आली. इंद्रनील आणि मंजिरी. इंद्रनीलने तोंडातली नळी काढून हाक मारली. "दुआ वर आली का?"

 शेठनी मान हलवली. नाही.

होडी वाहत खडकाकडे निघाली होती. खडकावर आपटली तर होडी फुटणार आणि खाली जी आहे तिच्या डोक्यावरचं छप्पर जाणार. खाली माणूस असताना इंजिन लावता येत नव्हतं; रहमतुल्ला एकटा नांगराच्या साखळीशी झटत होता.

"शेठ! दोर खुंटीला गुंडाळा आणि इकडे या! मिनिटभर!"

मिनिटभर. माणूस पाणी पिऊन येतो तेवढं.

शेठ उठले. खरं सांगायचं तर त्यांचा हात खुंटीपर्यंत गेला होता. दोर खुंटीला टेकलाही. आणि त्यांना वास आला. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या नारळाच्या सोडणांचा, ओल्या काथ्याचा वास. जिथे शेकडो मैल नारळाचं झाड नाही, तिथे. आज्याच्या अंगाला यायचा तो वास.

ते परत खाली बसले. दोर मुठीभोवती एकदा गुंडाळला. "सुरेशभाऊ," ते म्हणाले, "तुम्ही जा."

आणि सांगायला हवं, सुरेशभाऊ गेले. सकाळपासून तीनदा ओकलेला तो माणूस चार पायांवर रांगत पुढे गेला, साखळीला लोंबकळला आणि रहमतुल्लाबरोबर ओढत राहिला.

खडक आता इतका जवळ होता की त्यावरचे शिंपले दिसत होते. शेठच्या हातात दोर ताठ झाला. तारेसारखा ताठ. आणि होडी थांबली.

वारा होता, लाटा होत्या, नांगर अर्ध्या पाण्यात लोंबत होता आणि होडी जागच्या जागी उभी होती. रहमतुल्ला साखळी सोडून वळला. त्याची नजर त्या करंगळीएवढ्या दोरावर गेली, मग शेठच्या दोन हातांवर.

"शेठ... होडी कशाने थांबलीय?"

शेठना ठाऊक नव्हतं. चार टनांची होडी दोन मुठींत असायला हवी होती आणि मुठींना ते वजन जाणवत नव्हतं. दोर काचतही नव्हता, ओढतही नव्हता. एक भार होता, शांत, विचार करणारा, खाली कोणीतरी पाय रोवून उभं असल्यासारखा. शेठ जन्मभर दोरच हाताळत आले. अडकलेला दोर कसा लागतो आणि धरलेला दोर कसा लागतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

हा धरलेला होता.

त्यांनी एक झटका दिला. खालून उत्तर आलं. एक.

"आहे," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "खाली आहे कोणीतरी."

किती वेळ गेला ते सुरेशभाऊंच्या घड्याळाने सांगितलं, नऊ मिनिटं. शेठना विचाराल तर ते आजही सांगू शकत नाहीत. मग होडीखालच्या दुधाळ पाण्यात बुडबुडे दिसले. ते एका जागी थांबले. तीन मिनिटं, एक क्षण कमी नाही. आणि मग दुआचं डोकं वर आलं, दोन्ही हात दोरावर.

तिला वर ओढलं. इंद्रनील आणि मंजिरी तोवर पोहत होडीला लागले होते. दुआ धड होती.

"म्हण," शेठ म्हणाले.

"आय ॲम फाइन, अब्बा..."

"तसं नाही. म्हण."

तिने ओला हात बापाच्या हातावर ठेवला. "आले, अब्बा."

"आलीस."

मंजिरीने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. दुआ इंद्रनीलकडे बघून म्हणाली, "थँक यू, सर. मला स्वतःचा हातसुद्धा दिसत नव्हता. दोर हरवला होता. तुम्ही माझा हात धरून दोरावर ठेवलात म्हणून..."

"मी?" इंद्रनील म्हणाला.

"मी घाबरून वर धावत होते, तर तुम्ही टाच धरून ठेवलीत. पाच मीटरवर तर सोडतच नव्हता."

इंद्रनीलने मंजिरीकडे पाहिलं. मंजिरीने मान खाली घातली. "दुआ," तो हळू आवाजात म्हणाला, "आम्ही दोघं तेव्हा वर होतो. कधीचे."

 दुआ स्वतःच्या हातमोज्यांकडे बघत म्हणाली, "हो... त्याच्या हाताला मोजा नव्हता."

नांगर वर आला होता. इंजिन सुरू झालं होतं. सगळे वर होते, एकूण एक. आणि दोर अजून ताठ होता.

एक झटका आला. दुसरा. तिसरा.

"खडकात अडकलाय," इंद्रनील म्हणाला, पण त्याच्या आवाजात दम नव्हता. "कापून टाकू या, काका..."

"कोणी सुरी काढायची नाही," रहमतुल्ला म्हणाला. त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. "बिस्मिल्लाह म्हणा, शेठ. ओढा. याच्या छातीत सिलिंडरची हवा नाही."

शेठ ओढायला लागले. हातामागून हात. वजन होतं, एका सडपातळ पोराचं असावं तेवढं. कोणी मदतीला आलं नाही आणि त्यांनी मागितलीही नाही. पांढरा दोर वर येत होता, पायाशी वेटोळी पडत होती, आणि ओल्या काथ्याचा वास आता सगळ्यांनाच येत होता. सुरेशभाऊंनी बायकोचा हात घट्ट धरला होता. शेवटचे दोन वाव, म्हणजे तीन-चार मीटर, उरले तेव्हा दोर एकदम हलका झाला. वजन सुटून खाली पडल्यासारखा नाही. कोणी कठड्याला हात घातल्यावर होतो तसा.

होडी शेठच्या बाजूला किंचित कलली. मग सावरली.

त्यांच्या उजव्या मनगटावर काहीतरी टेकलं. थंड, फार वेळ पाण्यात राहिल्याने बोटांची कातडी सुरकुतते तसं. कानाशी कोणी बोललं की ते शब्द त्यांच्याच मनातून आले, हे त्यांनी नंतर कधी ठरवलं नाही. त्यांनी मान वळवली नाही.

"आलास," ते म्हणाले.

मग शिसं वर आलं, त्यांनी बांधलेल्या गाठीसकट. गाठीच्या वर वीतभर दोर, त्या गार पाण्यातून येऊनही, उबदार होता. सगळ्यांनी हात लावून पाहिला. सगळ्यांना तसाच लागला.

परतताना कडेच्या बाकावर एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी होती. कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी तिथे बसलं नाही. उन्हात सगळी होडी सुकली. ती जागा नाही सुकली.

साडेचारच्या सुमाराला शेठनी खोलीपुढच्या पडवीत दोर खिळ्याला टांगला. दुआ शेजारी खुर्चीत चहा घेत होती. घरी राहिलेल्या साबिराला तिने फोनवर सगळं सांगितलं होतं आणि काही सांगितलं नव्हतं, पोरं सांगतात तसं. शेठनी गावी फोन लावला. अख्तरी फुफीला दर शुक्रवारी ते फोन करायचेच. आज्याची धाकटी लेक, शहाऐंशी वर्षांची, आज्याच्या घरात एकटी राहणारी. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे, दिवस मावळला होता, मगरिबची बांग नुकतीच झालेली.

"जलाल," फुफी म्हणाली, "तू कोणाला पाठवलंस का रे घरी?"

"नाही... का?"

"दुपारी, असरच्या नमाजाआधी, ओटीवरून कोणीतरी 'आलो' म्हणालं. मी आत कोकमं फोडत होते. सवयीने 'आलास' म्हटलं. मला वाटलं शेजारचं कोणी. येऊन बघते तर एक पोरगा, सोळा-सतराचा. अंगावर सुकी जागा नाही. इथे पावसाचा थेंब नाही रे."

शेठनी खुर्चीचा हात धरला. "कुठे... आहे आता?"

"आत आहे. बा सदरा टांगायचा त्या खुंटीखाली बसलाय, भिंतीला टेकून. बोलत नाही फारसं. एकदा विचारलंन, भाऊ कुठाय म्हणून. मी म्हटलं, तुझा भाऊ मला काय माहीत? तेव्हापासून गप्प आहे." फुफीचा आवाज खाली आला. तिला भीती वाटत नव्हती, हेच शेठना जास्त जाणवलं. "चेहरा ओळखीचा वाटतो बघ. आपल्याच घरचा. भुकेला दिसतो. वाढू का त्याला?"

 "वाढ, फुफी. पोटभर वाढ."

फोनमध्ये ताट ठेवल्याचा आवाज आला. मग पाटाचा. मग बराच वेळ काहीच नाही.

पडवीत वारा नव्हता. शेठच्या डोळ्यांदेखत खिळ्यावरचा दोर हलला. एकदाच.

ठीक आहे.

ते हसले आणि रडले, दोन्ही एकदम. दुआने कप खाली ठेवला. तिनेही पाहिलं होतं. शेठ उठले, दोराला हात लावून त्यांनी एक झटका परत दिला. आज्याच्या वतीने.

हात काढून घेणार, एवढ्यात दोर त्यांच्या मुठीत पुन्हा हलला. एक. दोन. तीन.

त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं. दुआ तिथेच होती. धक्क्यावर रहमतुल्ला होडी धूत होता. सुरेशभाऊ, मंजिरी, इंद्रनील, तिघांचे आवाज शेजारच्या खोलीतून येत होते.

शिशाचं टोक खिळ्याखाली लोंबत होतं, कोरडं, जमिनीपासून हातभर वर. आणि पुन्हा झटके आले, आता घाईने, एकापाठोपाठ एक, जणू खाली रांग लागली होती.

"अब्बा..." दुआ कुजबुजली. "सोडा ना..."

जलालशेठनी दोर मुठीभोवती एकदा गुंडाळला आणि ते खाली बसले.